घरातली माणसं: तीन

१

कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, भाड्याची घरं बुधवारी दुपारी बारा वाजता वेबसाइटवर लागतात. आमच्या स्कार्नबी गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बारा वाजता शाळेच्या स्वयंपाकघरात आमची नुसती पळापळ असते. दोनशे पोरं ताटं घेऊन उभी, माझ्या एका हातात ग्रेव्हीचा डाव आणि एप्रनच्या खिशात फोन. एक वाजता पोरं मैदानावर पळाली की मी मागच्या पायरीवर बसायची आणि उघडून बघायची. आठवड्याला दोन घरांवर नाव लावता येतं. त्याला बोली म्हणतात, पण पैशाचा काही संबंध नाही. 'हे घर मला चालेल' एवढंच कळवायचं. कळवलं की लगेच आकडा येतो. या घरासाठी तुमचा क्रमांक त्रेसष्ट. एकशे बारा. अठ्ठ्याऐंशी.

"आज कितवी गं?" ग्लेनिस आतून ओरडायची. ग्लेनिस आणि मी सतरा वर्षं एकाच ओट्यावर बटाटे सोलतोय.

"अठ्ठ्याऐंशी."

"वा! म्हणजे तुझ्या टॅमच्या लग्नापर्यंत मिळेल. तिच्या नाही, तिच्या नातीच्या."

यादी म्हणजे रांग नव्हे, हे समजायला मला दोन वर्षं लागली. रांगेत मागचा मागेच राहतो. यादीत चार गट असतात, ए ते डी. ज्याची अडचण मोठी तो वरच्या गटात, आणि एका गटात ज्याचा अर्ज जुना तो पुढे. मी सी गटात सहा वर्षं काढली. दर आठवड्याला माझ्याहून जास्त गांजलेलं कुणीतरी माझ्यापुढे घुसायचं, आणि त्याचा राग करायचीही सोय नव्हती. त्याचं दुःख तपासून त्यावर शिक्का मारलेला असायचा.

आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी मुलगी टॅम्सिन, म्हणजे टॅम. ती नऊ वर्षांची. बंद पडलेल्या एका दुकानावरचा एका खोलीचा फ्लॅट, खोलीत ती झोपायची आणि बाहेर सोफ्यावर मी. भिंतीला काळी बुरशी. दर शनिवारी ब्लीचने घासायची, गुरुवारपर्यंत परत हजर. टॅमला दमा. त्या हिवाळ्यात दोनदा रुग्णवाहिका बोलवावी लागली होती, आणि दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळे झालेले मी पाहिले. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, ग्लेनिसलासुद्धा. त्यात फेब्रुवारीत घरमालकाची नोटीस आली, मेअखेर घर खाली करा. तोवर यादीतून काही नाही मिळालं तर कौन्सिल आम्हाला कुठल्यातरी दूरच्या गावात बेघरांच्या हॉस्टेलची एक खोली देणार होती. शाळा गेली, काम गेलं, आणि खोली कोरडी असेलच असं कुणी लिहून देत नव्हतं.

२

मार्चमध्ये अर्जाच्या नूतनीकरणाचं पत्र आलं. ते दरवर्षी येतं. अजून घर हवं आहे का, माहिती बरोबर आहे का, सही करून अठ्ठावीस दिवसांत परत पाठवा. नाही पाठवलं तर यादीतून नाव गेलं. मेलेली, गाव सोडून गेलेली माणसं अशीच गाळतात. मी दरवर्षी न वाचता सही करते. त्या दिवशी पेन सापडेना म्हणून वाचत बसले.

घरातली माणसं: तीन.

गेनर टास्कर. टॅम्सिन टास्कर. आणि तिसरी ओळ, डब्ल्यू. टास्कर, पुरुष, प्रौढ. जन्मतारखेची जागा कोरी.

आमच्याकडे डब्ल्यू नावाचं कुणी नाही. टास्कर हे माझ्या बापाचं आडनाव. बाप फ्रँक, आजा हर्बर्ट, आणि दोघेही कबरीत. टॅमचा बाप वेगळ्या आडनावाचा, वेगळ्या देशात आणि वेगळ्या बाईकडे. म्हटलं, संगणकाचा घोळ. दोन टास्करांचे अर्ज एकमेकांना चिकटले असणार.

फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली. मी सगळं सांगितलं.

"हो, दिसतंय मला," ती म्हणाली. "हे नाव आहे अर्जावर."

"ते चुकून आहे. काढून टाका."

"काढते की. फक्त काय आहे, घरातला माणूस कमी झाला की तो परिस्थितीतला बदल धरतात. मग अर्जाची तारीख आजची पडते."

"म्हणजे माझी सहा वर्षं?"

"ती जातात." मग तिने आवाज जरा खाली आणला. "खरं सांगू का, मिसेस टास्कर? एका खोलीत एक लहान मुलगी आणि दोन मोठी माणसं म्हणजे दाटी धरतात. तुम्ही या आठवड्यापासून बी गटात गेलात. काढू का नाव?"

आतल्या खोलीत टॅम खोकत होती. तिचा खोकला थांबेपर्यंत मी त्या तिसऱ्या ओळीवर बोट धरून होते.

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

खाली छापलेलं होतं, वरील सर्व माहिती खरी आहे. मी सही केली.

३

पुढच्या बुधवारी आकडा आला एकोणीस. त्याच्या पुढच्या बुधवारी नऊ.

"कुणाला फितवलंस गं?" ग्लेनिस म्हणाली.

मी तिला सांगून टाकलं. पोटात काही ठेवायची मला सवय नाही, ठेवलं की ते पित्तासारखं वर येतं. तिने ऐकलं, सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि म्हणाली, "मग? कौन्सिलने आजवर तुझं नुकसान करणाऱ्या चुका केल्या, तेव्हा कुणी फोन केला होता का तुला? एक चूक तुझ्या बाजूने झाली तर गप्प बस की, बये."

"आणि तो माणूस खरा असला तर? कुठेतरी कुणी म्हातारा टास्कर वाट बघत बसला असेल. मी त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढतेय."

"असेल तर असेल. त्याला पोरगी आहे का दम्याची?"

मी पुढचा बटाटा उचलला. पण रात्री पाठ टेकली की तो म्हातारा माझ्या डोळ्यांपुढे यायचा. एखाद्या खोलीत, खिडकीशी, डोक्यावर टोपी, पत्राची वाट बघतोय. मला त्याची शरम वाटायची. भीती नव्हती वाटत तेव्हा, शरमच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक पत्र आलं. टॅमच्या दम्याचे कागद मी दोन महिन्यांपूर्वी पाठवले होते, त्यांची पोच. 'वैद्यकीय माहितीबद्दल आभार,' असं लिहिलं होतं. 'घरातील मुलीचा श्वासविकार, तसेच श्री. डब्ल्यू. टास्कर यांना जिना चढता येत नसल्याचं लक्षात घेऊन, तळमजल्यावर निजण्याची खोली असलेलं घर आवश्यक. गट: ए.'

जिन्याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

मी ते पत्र फ्रीजवर चुंबकाखाली लावलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. एखाद्या कारकुनाने दुसऱ्याची फाइल उघडून लिहिलं असेल, दुसरं काय? त्या दुसऱ्या टास्करचेच कागद असतील. म्हणजे तो खरा आहे. आणि त्याला जिना चढता येत नाही. मी पाणी पिऊन कामाला गेले.

४

ए गटात गेलं की आपलं राहतं घर बघायला कौन्सिलचा माणूस येतो. मिस्टर प्रॉक्टर नावाचा, पन्नाशीचा, ओल्या छत्रीसकट दारात पाय पुसत उभा राहिलेला सभ्य माणूस. म्हटलं, आता विचारणार, तिसरा कुठाय? मी मनात वाक्यं जुळवत होते. कामावर गेलाय म्हणावं, तर जिना चढता येत नाही. दवाखान्यात म्हणावं, तर कुठला ते विचारेल. त्यापेक्षा खरं सांगून मोकळं व्हावं.

त्याने बुरशीचे फोटो काढले. टॅमची खोली बघितली, माझ्या सोफ्याकडे बघून मान हलवली. स्वयंपाकघरामागे एक अडगळीची कोठडी होती, बिनखिडकीची. मी तिथे ओले कपडे वाळत घालायची. त्याने तिचं दार उघडलं.

दार उघडल्याबरोबर तो अर्धं पाऊल मागे सरकला. "ओह, माफ करा," असं हळूच म्हणाला आणि दार अलगद लावून घेतलं. झोपलेल्या माणसाच्या खोलीत चुकून डोकावलं की आपण लावतो तसं.

मग माझ्याकडे वळून, आवाज खालीच ठेवून म्हणाला, "त्यांनी तिथे राहणं बरं नाही, मिसेस टास्कर. हवा नाही, काही नाही. बघतो मी, लवकरच काहीतरी करू."

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "चहा घेणार का?"

तो नको म्हणून गेला. मी खिडकीतून त्याची छत्री कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिली, आणि मगच कोठडीचं दार उघडलं. कपड्यांचा स्टँड, इस्त्रीची फळी, आणि खुंटीला माझा जुना लांब कोट. अंधारात कोट माणसासारखा दिसतो, त्यात काय एवढं. मला हसूच आलं. चष्मा बदलायला हवा त्याने.

फक्त व्हॅक्युम क्लीनर नेहमी कोटाखाली असतो, तो भिंतीपाशी सरकवलेला होता. कुणाला पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून सरकवावा तसा. मीच सरकवला असेन. मी तो परत जागेवर ठेवला आणि त्या दिवसापासून कपडे बाहेर वाळत घालायला लागले, तिथे हवा बरी लागते म्हणून.

५

लार्कफील्ड क्लोज नावाच्या गल्लीतल्या घरासाठी माझा क्रमांक आला एक.

सहा वर्षं तो आकडा मी स्वप्नात बघितला होता. प्रत्यक्षात आला तेव्हा मी पायरीवर बसून रडले, आणि ग्लेनिस माझ्या पाठीवर चुकचुकत थापटत राहिली. तिचे हात कांद्याचे, त्यामुळे दोघींचे डोळे वाहिले.

पाहणीला तीन कुटुंबांना एकाच वेळी बोलावतात. पहिल्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याला, दुसऱ्याने सोडलं तर तिसऱ्याला. तिसरं कुटुंब आलंच नाही. दुसरी होती ती पंचविशीतली पोरगी, बाबागाडीत जुळी मुलं. ती सगळं घर माझ्यामागे हिंडली. भिंतींना ओझरता हात लावत होती, पण डोळे माझ्या तोंडावर. मी नाक मुरडलं की घर तिचं. असं कुणी कुणाकडे बघू नये, आणि कौन्सिलने बघायला लावू नये.

घरात रंगाचा वास होता आणि ते कोरडं होतं. वर दोन खोल्या, मागे हातभर बाग. खाली स्वयंपाकघराशेजारी निजायची खोली, दाराशी धरायला पांढरा दांडा बसवलेला. त्या खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. मी उंबऱ्यातूनच बघितली.

टॅम जिना चढून गेली, उतरून आली, परत चढली. तिला धाप लागली नाही. "आई, मागची माझी! खालची आजोबांची ना?"

"कुठले आजोबा?"

"फ्रीजवर लिहिलंय ते. जिना नाही चढता येत ते." ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मीच येड्यासारखं विचारतेय.

पोरं वाचतात. आपल्याला वाटतं वाचत नाहीत, पण वाचतात. मी स्वतःला एवढंच सांगितलं.

"मग काय ठरलं, मिसेस टास्कर?" कौन्सिलची बाई कागद घेऊन उभी होती.

जुळ्यांची आई माझ्याकडे बघत होती. तिच्या एका मुलाला खोकला होता, ओळखीचा, छातीतून येणारा. त्या क्षणी मी खरं बोलले असते तर घर तिला मिळालं असतं. मला ते कळत होतं. हे मी लपवणार नाही.

"घेतलं," मी म्हटलं.

६

करारावर सह्या करायला हाऊसिंग ऑफिसात गेले. काचेमागे एक मुलगी होती, केसांना जांभळा रंग लावलेली. तिने कागद माझ्याकडे फिरवले आणि बोट ठेवलं. "इथे. दुसऱ्या ओळीवर."

पहिल्या ओळीवर सही होती. बारीक, तिरकी, जुन्या वळणाची. शेवटच्या अक्षराची शेपटी नीट खाली ओढलेली. डब्ल्यू. टास्कर. शाई पुरती वाळलेली नव्हती.

"ही कुणी केली?"

"सकाळी येऊन गेले ना ते. दार उघडायच्या आधीच बाहेर उभे होते." ती हसली. "तिथे त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, तासभर तरी. मी म्हटलं, आजोबा, पुढे या, तर म्हणे, मला सवय आहे. किती गोड! बाकीचे लोक इथे आरडाओरडा करतात हो."

"दिसायला कसे आहेत?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या घरातले आहेत ते."

माझ्यामागे नऊ-दहा माणसं नंबर घेऊन बसली होती. एक लहान मूल रडत होतं. मला माझ्या डोक्यातला आवाज ऐकू येत होता, आणि तो सांगत होता, गेनर, हाच तो खरा माणूस. त्यालाही पत्र गेलं, तो आला, त्याने सही केली. आता दोघांना एकच घर दिलंय, इतकाच घोळ. तो दारात येऊन उभा राहील तेव्हा काय ते बघू. एका म्हाताऱ्याला खोली द्यायला काय जातं?

मी दुसऱ्या ओळीवर सही केली. मुलीने मला किल्ल्या दिल्या, दोन. तिसरी आधीच नेलेली होती.

७

कुणी दारात येऊन उभं राहिलं नाही. मी पहिले आठ दिवस खिडकीशी उभी राहून वाट बघितली, मग सोडून दिलं.

घर चांगलं होतं. असं घर मला आयुष्यात मिळालं नव्हतं. सकाळी भिंतीला हात लावायचा आणि हात कोरडा यायचा. टॅमचा निळा इनहेलर दप्तराच्या तळाशी गेला आणि तीन आठवडे तिथेच राहिला. ती रात्री शांत झोपायची, आणि मी जिन्यात बसून तिचा श्वास ऐकायची. शिट्टी नाही, घरघर नाही. त्या श्वासासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच होतं.

खालच्या खोलीत मी काही ठेवलं नाही. गालिचा नाही, पडदा नाही. दार लावून ठेवलं.

सकाळी मी चहा ठेवला की त्या दारामागे एक खोकला यायचा. दम्याचा नव्हे. हलका, संकोची, एकदाच. आपण आहोत हे कळावं पण कुणाला त्रास होऊ नये म्हणून खोकावं तसा. मी ठरवलं, शेजारी असणार. अशा घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या असतात. मग एक दिवस लक्षात आलं, त्या बाजूला शेजार नाही. तिकडे बाग आहे. म्हटलं, पाइप. नव्या पाइपांना सवय व्हायला वेळ लागतो.

टॅम संध्याकाळी सहा वाजले की तिचं कार्टून आपणहून बदलायची आणि बातम्या लावायची. आवाज थोडा वाढवायची. मग फरशीवर बसून चित्रं रंगवायची, बातम्यांकडे ढुंकूनही न बघता.

"हे कशाला लावलंयस?"

"त्यांना ऐकायच्या असतात." तिने रंग बदलला. "त्यांनी सांगितलं नाही हं. मलाच कळलं."

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी ग्लेनिसला म्हटलं, मी सगळं खरं सांगणार आहे.

"घर जाईल," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने थट्टा केली नाही.

"जाऊ दे."

"आणि टॅम?"

मी जेवणाच्या सुट्टीत फोन केला. नाव काढायचं आहे म्हटलं. उत्तर आलं, नव्या भाडेकरूंची सहा आठवड्यांची भेट मंगळवारी ठरलीच आहे, मिस्टर प्रॉक्टर येतील, त्यांनाच सांगा.

८

मंगळवारी तीन वाजता प्रॉक्टर आला. पाय पुसले, घर बघून खूश झाला, वरच्या खोल्यांत भिंतींना हात लावून बघितले. "छान ठेवलंयत," म्हणाला. मग हातातल्या फळीवरच्या कागदावर खुणा करत जिना उतरला. "नियम आहे, मिसेस टास्कर, घरातली सगळी माणसं इथे राहतात हे डोळ्यांनी बघावं लागतं. मुलगी शाळेत, ठीक आहे. टास्कर आहेत ना?"

"तेच सांगायचंय मला," मी म्हटलं. "टास्कर म्हणून कुणी..."

पण त्याने दारावर टकटक केलं होतं. दार उघडून तो अर्धा आत गेला.

मी पॅसेजमध्ये उभी होते. मला त्याची पाठ दिसत होती आणि त्याचा आवाज ऐकू येत होता. फक्त त्याचाच. "नमस्कार, सर. नाही नाही, उठू नका." मग शांतता. "अरे वा." शांतता. "हो, ऊन छान येतं इथे." मग तो मनापासून हसला. कुणी फोनवर बोलत असलं की पलीकडचं जसं आपल्याला मनाने भरावं लागतं, तसं मी भरत होते. मी पुढे जाऊन डोकावू शकले असते. चार पावलं होती. मी गेले नाही.

तो बाहेर आला, दार अर्धवट लोटून. कागदावर खूण केली.

"मजेत आहेत. तुम्ही काहीतरी म्हणत होतात?"

"मला नाव काढायचंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"अच्छा." त्याने कागद उलटले. "तुमचं?"

"माझं का? त्यांचं!"

"त्यांचं कसं काढता येईल? अर्ज त्यांचा आहे." त्याने कागद माझ्यापुढे धरला. मी त्याच्यावरच्या तारखेकडे बघत राहिले. मार्च, एकोणीसशे अडतीस. "आमच्याकडचा सगळ्यात जुना. म्हणून तर क्रमांक एक आला. तुमच्या सहा वर्षांवर नसता आला हो."

"ही चूक आहे. अडतीस साली मोठा असलेला माणूस आज..."

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण नूतनीकरणाचं पत्र दरवर्षी परत येतं त्यांच्याकडून. वेळेवर, सहीसकट. ज्याचं पत्र येतं त्याला यादीतून गाळता येत नाही." तो हे इतक्या सरळपणे बोलत होता, जणू बसचं वेळापत्रक सांगतोय.

"मग इतकी वर्षं घर का नाही मिळालं त्यांना?"

"त्यांना असंच घर हवं होतं. बाग, वर दोन खोल्या. एकट्या माणसाला एवढं मोठं घर देता येत नाही, मिसेस टास्कर. त्याला कुटुंब लागतं." त्याने पेनाचं टोपण लावलं. "ते थांबले. मार्चमध्ये तुमचा होकार आला, मग अर्ज पूर्ण झाला."

माझा होकार. राहू दे, म्हटलं होतं मी.

"आणि मी निघून गेले तर?"

"तुमची मर्जी. मग घरात दोन माणसं उरतात. तेवढी या घराला पुरतात."

"टॅम माझ्याबरोबर येणार. माझी मुलगी आहे ती."

प्रॉक्टरने पहिल्यांदा दाराकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, पण ती नेहमीची, कामावरची दया होती. "ते तुम्ही घरात बोलून ठरवा," तो म्हणाला. "ती त्यांच्या अर्जावर आहे."

तो गेला. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मी बॅग भरायचा विचार केला. खरंच केला, काय काय घ्यायचं तेही मनात मांडलं. मग ती हॉस्टेलची खोली डोळ्यांपुढे आली, तिचा ओला कोपरा आला, टॅमचे ओठ आले. आणि आम्ही दोघी फाटकापर्यंत तरी एकत्र पोचू की नाही, हेही मला आता ठाऊक नव्हतं.

साडेतीनला दार धाडकन उघडलं. टॅम आत आली, गाल लाल, केस विस्कटलेले, दप्तर एका खांद्यावर लोंबतंय.

"आई! मी शाळेपासून पळत आले! पूर्ण! मध्ये कुठे थांबलेच नाही!" ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मोठा श्वास घेऊन दाखवला, आत, बाहेर, स्वच्छ. मग तिने माझा चेहरा पाहिला. "तो माणूस काय म्हणाला? आपण राहायचं ना इथेच?"

मी तिला लगेच उत्तर द्यायला हवं होतं. मी, जिने आयुष्यात बापाला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही, जी मुख्याध्यापकालाही तोंडावर बोलली. मी थांबले. मी त्या दाराकडे बघितलं, आणि कशासाठी थांबले आहे ते मला बघता बघता कळलं.

दाराच्या कडेवर चार बोटं होती. म्हातारी, स्वच्छ, नखं नीट कापलेली, मनगटाशी बाहीचं बटण लावलेलं. ती घाईत नव्हती. एकदा हलकेच उचलली गेली आणि परत टेकली, एखाद्याने मान डोलवावी तशी. मग दार आतून अलगद लागलं.

"हो," मी टॅमला म्हटलं. "राहायचं."